दुसरा फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावा का? (वाकड)

गच्चीवरची_बाग

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे झाडांच्या धाग्यांवरच असते. पैशांचा विषय पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

हे मार्चमध्ये निवृत्त झाले. फंड, ग्रॅच्युइटी मिळून जी रक्कम हातात आली तिचं काय करायचं यावर रोज रात्री जेवताना चर्चा होते आणि रोज ताकभाताशी येऊन अर्धवट राहते. धाकट्या दिरांचं म्हणणं, "वाकडला टू बीएचके घ्या, आयटीवाले रांग लावतात, महिन्याला पंचवीस हजार बसल्याजागी." बसल्याजागी हा शब्द त्यांनी इतक्यांदा उच्चारला की आता ह्यांनाही तसंच वाटायला लागलंय.

आम्ही १९९४ पासून कोथरूडला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, ह्यांचा उजवा गुडघा गेलेला. मुलगी बंगळूरला. म्हणजे भाडेकरूचा नळ गळला तर वाकडला धावणारं माणूस मीच, हे मला आत्ताच दिसतंय.

फ्लॅट रिसेलचा आहे, सात वर्षं जुना, मालक ७८ लाख म्हणतोय. कर्ज काढणार नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी खरं खरं सांगा. "लोकेशन चांगलं आहे, घेऊन टाका" असं सांगणारे घरातच पुष्कळ आहेत.

---

जुना_जमाखर्च

ताई, मी बँकेत ३४ वर्षं कर्जखात्यात काढली, त्यामुळे आधी आकडे मांडतो. आवडले नाहीत तर आकड्यांचा दोष, माझा नाही.

७८ लाख ही किंमत झाली, खर्च नाही. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडला मुद्रांक शुल्क सगळं धरून ७ टक्के, घर फक्त तुमच्या नावावर घेतलं तर महिलांची सवलत धरून ६ टक्के. म्हणजे ४ लाख ६८ हजार. नोंदणी फी ३० हजार. रिसेल आहे म्हणजे जीएसटी नाही, पण दलाल आहे, त्याचा एक टक्का धरा. मग पंखे, गीझर, किचन ट्रॉली, एक तरी वॉर्डरोब, डासांच्या जाळ्या. याशिवाय आयटीवाला घर बघून निघून जातो. साडेतीन लाख. बेरीज सव्वासत्त्याऐंशी लाखांच्या आसपास जाते.

आता आवक. २५ हजार गुणिले १२ नाही, गुणिले ११. एक जातो आणि दुसरा येतो यात महिना रिकामा जातोच. २ लाख ७५ हजार. त्यातून मेंटेनन्स (३८०० धरला) ४५,६००, मिळकतकर १४ हजार, दलाली दोन वर्षांतून एकदा म्हणून साडेबारा हजार, रंग-दुरुस्तीचे सरासरी २० हजार. हातात १ लाख ८२ हजार ९००.

सव्वासत्त्याऐंशी लाखांवर हे झाले २.१ टक्के. आयकर अजून दिलेला नाही.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवरा-बायकोचे प्रत्येकी ३० लाख बसतात. तिथे व्याज याच्या तिपटीहून जास्त आहे आणि गीझर बिघडत नाही.

---

खोचक_पेठकर

जमाखर्च साहेबांनी घराचं पार एफडी करून टाकलं. घराची किंमत वाढते ती कुठे धरली?

---

जुना_जमाखर्च

विकाल तेव्हा धरीन. आमच्या पिढीत दुसरं घर विकलेला माणूस मी पाहिलेला नाही. मुलांच्या नावावर होतं, मुलं भांडतात, आणि वाढलेली किंमत वकिलाकडे जाते.

गंमत बाजूला. किंमत वाढते हे खरंच, पण ताईंना दरमहा पैसे हवे आहेत की पंधरा वर्षांनी, हे त्यांनी आधी ठरवावं. दोन्ही एकाच फ्लॅटमधून मिळतात असं दिरांना वाटतंय.

---

रिकामा_टू_बीएचके

ताई, माझी गोष्ट ऐका आणि मग काय ते करा.

माझा फ्लॅट पिंपळे सौदागरला. पहिले दोन भाडेकरू चांगले मिळाले, त्यामुळे मी ढिला पडलो. तिसरा ऑफिसातल्या मित्राच्या ओळखीचा. "कशाला रजिस्टर करायचं, आपलेच आहेत" म्हणून ५०० च्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केली. वर्षभर एक तारखेला भाडं, दिवाळीला मिठाईचा डबासुद्धा. मग त्याची नोकरी गेली.

पहिला महिना मी स्वतःच म्हणालो, असू दे. दुसऱ्या महिन्यात अर्धं आलं. तिसऱ्यापासून फोन उचलणं बंद. मी जाऊन उभा राहिलो तर वहिनींनी दार उघडलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "मुलाची दहावी आहे, मार्चपर्यंत थांबा." आता तुम्ही सांगा, दहावीच्या पोराला घराबाहेर कोण काढणार? मी थांबलो. मार्च गेला, निकाल लागला (८९ टक्के, पेढे आले नाहीत), जुलै उजाडला. मित्राने हात वर केले. पोलीस चौकीत सांगितलं, हा दिवाणी मामला आहे.

शेवटी सोसायटीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी मध्यस्थी केली. ठरलं काय, तर थकलेलं भाडं मी सोडायचं, डिपॉझिटही त्याला परत द्यायचं, आणि टेम्पोचे पैसेही मीच भरायचे. मी भरले. चौदा महिन्यांनी किल्ली हातात आली. महावितरणचं थकलेलं बिल ९ हजार आणि हॉलच्या भिंतीवर क्रिकेटच्या चेंडूचे ठसे. राग माणसाचा येत नाही आता. नोटरी करून वाचवलेल्या दोन हजारांचा येतो.

तेव्हापासून फ्लॅट रिकामा ठेवलाय. बायको म्हणते यालाच मूर्खपणा म्हणतात. असेल.

---

काळाकोट

रिकामा यांची केस आमच्याकडे महिन्यातून दोनदा येते, फक्त सोसायटीचं नाव बदलतं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो ११ महिन्यांचा असो की ६० महिन्यांचा. "अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही" ही समजूत अजून घरोघरी आहे. महाराष्ट्रात ती चुकीची आहे. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार) असेल तर चित्र पालटतं. मुदत संपूनही माणूस गेला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे तो करार निर्णायक पुरावा मानला जातो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याने बचावाची परवानगी मागितली नाही तर आदेश तुमच्या बाजूने होतो. आणि मुदतीनंतर राहिला त्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई. लगेच होतं असं म्हणणार नाही, पण दिवाणी दाव्याच्या मानाने खूप लवकर होतं.

खर्च किती? एकूण भाडं अधिक परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. ११ महिने, २५ हजार भाडं, ७५ हजार डिपॉझिट असेल तर सातशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. अ‍ॅग्रीमेंटवाला मशीन घेऊन घरी येतो, आधारवर अंगठे घेतो, त्याची फी वेगळी.

आणि एक. रागाच्या भरात पाणी किंवा वीज तोडू नका. कलम २९. आपली बाजू कितीही खरी असली तरी त्या दिवसापासून गुन्हेगार आपण ठरतो.

---

खोचक_पेठकर

कायद्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या आजोबांना आठवू या.

सदाशिव पेठेत आमचा वाडा होता. सात बिऱ्हाडं, १९४७ च्या भाडे कायद्याचं संरक्षण असलेली. मागच्या चौकातल्या दोन खोल्यांचं भाडं १८ रुपये. १९९९ च्या कायद्याने मालकांवर मोठी कृपा केली, वर्षाला ४ टक्के वाढ करायला परवानगी दिली. १८ रुपयांवर ४ टक्के म्हणजे ७२ पैसे. आजोबांनी हिशेब केला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मागायला जिना चढेन त्यात चप्पल याहून जास्त झिजेल." मिळकतकर भाड्याच्या कितीतरी पट. कौलं आम्ही बदलायची.

तेव्हा तुम्ही नव्या लोकांनी १४ महिन्यांचं दुःख सांगावं, पण जरा बेताने. आमच्याकडे तीन पिढ्या झाल्या. अर्थात त्या बिऱ्हाडांपैकी एका घरात माझ्या आईचं माहेर, त्यामुळे मला फार बोलता येत नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा

राजेहो, सगळे मालकच बोलून राहिले. एक भाडेकरू बोलू का?

मी अमरावतीचा, सहा वर्षांपासून पुण्यात, पाचवं घर. चार जण राहतो, चौघंही नोकरीवाले. घर पाहायला गेलो की पहिला प्रश्न "फॅमिली का?" दुसरा "नॉनव्हेज?" तिसरा "मुली येतात का?" भाड्याचा प्रश्न चौथा. एका ठिकाणी तर आजी म्हणाल्या, "बॅचलर चालतील पण आवाज नको, आणि रात्री दहानंतर लिफ्ट वापरायची नाही." सातवा मजला होता.

डिपॉझिटचं सांगतो. पाचपैकी तीन घरी सोडताना पूर्ण एका महिन्याचं भाडं रंगाचं म्हणून कापलं. एका मालकाने रंग दिलाच नाही, आमच्यानंतर आलेल्या मुलांनी फोटो पाठवला, भिंतीवर आमचाच खिळा. आता मी किल्ली घेतली की पहिल्या दिवशी अख्ख्या घराचा व्हिडिओ काढतो, नळ, काच, फरशीचा तडा, सगळं, आणि मालकाला पाठवतो. ताई, तुम्ही पण हेच करा, दोघांच्या कामी येते.

दुसरं म्हणजे पॅन. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की एचआरएसाठी (घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीसाठी) कंपनी मालकाचा पॅन मागते. मालक म्हणतो, "पॅन नाही देणार, हवं तर भाडं पाचशेनं कमी करतो." म्हणजे त्याचा टॅक्स वाचवायला माझा कापू द्यायचा. मी आता आधीच विचारतो. नाही म्हटलं की उठतो.

---

सचिव_नाइलाजाने

मी वाकडमधल्याच एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे. निवडून आलो नाही, त्या सभेला उशिरा पोचलो होतो.

१८० फ्लॅट, त्यातले साधारण निम्मे भाड्याने. मालक कुठे आहेत हे आम्हाला फक्त मेंटेनन्स थकला की कळतं, म्हणजे तेव्हाही कळत नाही. सगळ्यात मोठं भांडण बाथरूम लीकेजचं. वरच्या मजल्यावर भाडेकरू, त्याचा दोष नाही. मालक दुबईला, त्याला फोटो पाठवले तर अंगठा येतो. खालच्या मजल्यावरचे काका माझ्या दारात. फरशी उखडून वॉटरप्रूफिंग करायचं तर भाडेकरूने चार दिवस अंघोळ कुठे करायची? ताई, रिसेल घेताना खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन त्यांच्या बाथरूमचं छत बघा. दलाल नेणार नाही, तुम्ही स्वतः बेल वाजवा.

पाणी: आमच्या भागात मार्च ते जून टँकर असतोच. तो खर्च मेंटेनन्समध्ये येतो, तेव्हा जमाखर्च साहेबांचे ३८०० उन्हाळ्यात पुरणार नाहीत. सोसायटीकडे मागच्या दोन वर्षांचं टँकरचं बिल मागा. पार्किंगचंही बघा, एका फ्लॅटला एक जागा आणि चार बॅचलरांच्या चार दुचाकी.

सोसायट्याही काही संत नाहीत, हे कबूल. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, २००१ चा शासन आदेश आहे. मी येण्यापूर्वी आमच्याकडे सरसकट हजार रुपये घ्यायचे. मी बंद केले, तर सभेत मलाच शिव्या.

---

वऱ्हाडी_ठेचा

सचिव साहेब, तुमच्याकडे बॅचलर चालतात का?

---

सचिव_नाइलाजाने

नियम नाही. ठराव आणायचा प्रयत्न झाला, मी म्हणालो कायद्यात बसत नाही, लिहून देणार नाही. पण सी विंगमधल्या काकू लिफ्टमध्ये चौकशी करतात, त्याला मी काय करू?

---

दूरदेशी

मी जर्मनीत, फ्लॅट खराडीला. दोन मुद्दे जे इथे कुणी मांडले नाहीत.

१. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून ३० टक्के (उपकर धरून ३१.२) टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापून भरायचा असतो, भाडं कितीही कमी असलं तरी. त्यासाठी त्याला टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर) काढायचा, तिमाही विवरण भरायचं. हे ऐकलं की चांगले भाडेकरू पळतात. जे राहतात ते "अंकल, आपण बाबांच्या खात्यात देऊ या का?" विचारतात. देऊ नका, नोटीस दोघांना येते. निवासी मालकाला ही भानगड नाही. तिथे दरमहा ५० हजारांच्या वर भाडं गेलं तरच साधा भाडेकरू टीडीएस कापतो, तोही आता २ टक्के.

२. माझा फ्लॅट प्रत्यक्षात बाबा सांभाळतात. वय ७१. मागच्या वर्षी मी मोजलं, त्यांनी ११ खेपा केल्या. किचनची चिमणी, एकदा कुलूप, तीनदा गॅसवाल्यासाठी दार उघडायला, दोनदा घर दाखवायला. नोंदणीला माझ्यावतीने मुखत्यार म्हणून तेच. मी त्यांना "प्रॉपर्टी मॅनेजमेंटवाल्यांना देऊ या" म्हटलं तर रागावले. भाड्याचा हिशेब एक्सेलमध्ये करताना त्यांच्या खेपांचा रकाना मी कधी केला नाही.

---

लिंबू_सरबत

जाहिरात टाकल्यावर सावध रहा हो. मी रात्री नऊला फ्लॅट साइटवर टाकला, सव्वानऊला "सैन्यातला अधिकारी" हजर. पुण्याला बदली झालीय, घर न बघताच पसंत, फॅमिली, शाकाहारी, ओळखपत्राचा फोटोही पाठवला. डिपॉझिट पाठवण्यासाठी "आर्मीच्या अकाउंटची पद्धत वेगळी असते, हा क्यूआर स्कॅन करून आधी एक रुपया टाका." पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही, एवढं मला ठाऊक होतं म्हणून वाचले. यजमानांनी तर फोनवर जय हिंद म्हणून टाकलं होतं.

---

मुठाकाठी

अवांतर वाटेल, पण घर बघताना नदी किती लांब आहे तेही बघा. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत पार्किंगच्या वर पाणी आलं. माझ्या आत्याचा तळमजल्यावरचा फ्लॅट भाड्याने होता. भाडेकरूचा फ्रिज, गाद्या, मुलीची पुस्तकं, सगळं गेलं. करारात याबद्दल एक ओळ नाही. आत्याने दोन महिन्यांचं भाडं घेतलं नाही, डिपॉझिट परत दिलं, आणि तिच्या आईने पानशेतच्या पुराच्या वेळी काय केलं होतं ते त्या मुलीला सांगत बसली. फ्लॅट नंतर कुणी घेईना.

---

नवखा_८७

काळाकोट सर, एक प्रश्न. मला एकजण हेवी डिपॉझिटवर घर मागतोय. १२ लाख एकरकमी, भाडं शून्य, दोन वर्षांनी १२ लाख परत. फायद्याचं आहे का?

---

काळाकोट

ते १२ लाख दोन वर्षांनी तुमच्याकडे असतील का, एवढाच प्रश्न आहे. बहुतेक जण त्यातून गाडी घेतात किंवा दुसऱ्या घराचं बुकिंग करतात. मग भाडेकरू सामान बांधून बसतो, पैसे मिळेपर्यंत हलत नाही, आणि त्याचं चूक म्हणता येत नाही. नोंदणी इथेही लागते. घेणाऱ्यासाठी धोका त्याहून मोठा, कारण फ्लॅटवर कर्ज थकलं असेल तर बँक दारात येते.

---

गच्चीवरची_बाग

सर्वांचे आभार. रिकामा यांचा प्रतिसाद मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. दहावीच्या मुलाशी आल्यावर हे म्हणाले, "मीपण थांबलो असतो." मला तीच भीती होती.

काल रविवारी वाकडला जाऊन आलो. सचिवांनी सांगितल्याप्रमाणे खालच्या फ्लॅटची बेल वाजवली. बाईंनी आत बोलावलं, बाथरूमचं छत दाखवलं, एका कोपऱ्यात पोपडे आहेत. दलालाचा चेहरा बघण्यासारखा झाला. स्वयंपाकघरातला नळ सोडला तर नुसती हवा. वॉचमन म्हणाला, अकरा वाजता टँकर येतो.

पण खरी गंमत वेगळीच. मी खाली पोपडे बघत होते तेव्हा हे लिफ्टने वर गेले. मग खाली आले. मग परत वर गेले. चौथ्या खेपेला मी विचारलं, काही विसरलं का? म्हणाले, "नाही, किती सोपं आहे ते बघतोय." मग गॅलरीत उभे राहून आपली आरामखुर्ची कुठे बसेल ते पावलांनी मोजलं. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "हा भाड्याने कशाला द्यायचा? आपल्यालाच बरा आहे."

तेव्हा प्रश्न आता उलटा झालाय. आम्ही तिकडे राहायला गेलो आणि कोथरूडचा भाड्याने दिला तर?

---

खोचक_पेठकर

कोथरूड सोडून वाकड? काकांना ताप वगैरे नाही ना?

---

जुना_जमाखर्च

ताई, हा हिशेब वेगळा पडतो. वाकडच्या ८७ लाखांवर आता भाड्याचा परतावा मोजायचाच नाही, ती लिफ्टची किंमत आहे आणि गुडघ्याकडे बघता महाग नाही. दोघांनाही पेन्शन नसेल तर मात्र सगळी पुंजी घरात घालू नका, काही रक्कम बचत योजनेत ठेवा. पोपड्यांचं नाव सांगून भावात दोन-तीन लाख नक्की सुटतील.

कोथरूडबद्दल तीन गोष्टी. पुणे मनपात स्वतः राहता म्हणून मिळकतकरात तुम्हाला ४० टक्क्यांची सवलत असेल. २०२३ मध्ये त्यासाठी पीटी-३ फॉर्म (घरात स्वतः राहतो हे कळवणारा) भरायची धावपळ झाली होती, तीच. भाड्याने दिलात की ती जाते, तेव्हा भाडं ठरवताना वाढीव कर धरा. आयकरात भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा होतो आणि उरलेल्याच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, रंगाची आणि प्लंबरची बिलं वेगळी दाखवता येत नाहीत. आणि लिफ्ट नसलेला तिसरा मजला कुटुंबवाले घेणार नाहीत. पौड रोडच्या बाजूला एमआयटीची मुलं किंवा नोकरीला लागलेली पोरं घेतील.

---

काळाकोट

१९९४ ची इमारत म्हणजे आज ना उद्या रीडेव्हलपमेंट येणार. कोथरूडमध्ये गल्लोगल्ली चाललंय. करार ११ महिन्यांचाच ठेवा आणि त्यात एक कलम घाला: सोसायटीने इमारत रिकामी करायचं ठरवलं तर दोन महिन्यांच्या नोटिशीवर जागा सोडावी लागेल. भाडेकरूला हे आधी तोंडीही सांगा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरता येते, ती विसरू नका.

---

रिकामा_टू_बीएचके

आणि रजिस्टर करा. ओळखीचा असला तर दोनदा करा.

---

वऱ्हाडी_ठेचा

काकू, मी गंमत नाही करून राहिलो. आमचा करार पुढच्या महिन्यात संपतो, मालकाला मुलाचं लग्न आहे म्हणून घर पाहिजे. चौघं आहोत, दोघं कर्वे रोडला नोकरीला, कोथरूड एकदम सोयीचं. तिसरा मजला चालतो, आम्ही सातवा पण चढलो आहे. रजिस्टर करार, पोलीस व्हेरिफिकेशन, पहिल्या दिवशीचा व्हिडिओ, सगळं करू. पॅन मात्र लागेल. आणि रीडेव्हलपमेंटची अट मंजूर.

दलाल पण वाचते दोघांचा.

---

गच्चीवरची_बाग

पॅन देईन, त्यात लपवण्यासारखं काही नाही. नॉनव्हेजला माझी हरकत नाही, खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकू विचारतील तेव्हा मात्र तुमचं तुम्ही बघा. पण अजून वाकडचंच नक्की नाही, घाई करू नका. मालक ७६ वर आलाय, हे ७४ म्हणून अडून बसलेत.

कुंड्या मी घेऊन जाणार आहे. फक्त गच्चीवरचं मोठं अडेनियम तीन मजले उतरवता येणार नाही, ते इथेच राहील. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, त्यात नंबर आहे. अडेनियमला पाणी आठवड्यातून एकदाच घालायचं, जास्त घातलंत तर कुजेल.